धनेशाच्या फोटोपायी

फोटो मिळाला का, असं मला आता कुणी विचारू नये. नाशिकला परतल्यापासून शेजाऱ्यांनी विचारून झालं, योगाच्या वर्गातल्या बायकांनी विचारून झालं, काल दूधवाल्यानंही विचारलं. मिळाला नाही. का मिळाला नाही हे सांगायला बसलं की चहा होतो, दुसरा चहा होतो आणि तरी समोरचा म्हणतो, 'पण मग काढायचा ना एखादा!' म्हणून एकदाच लिहून टाकते.

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यावर मी कॅमेरा घेतला. जंगलात जाऊन वाघाचे फोटो काढणारे पुष्कळ आहेत आणि माझे गुडघे जीपमध्ये आदळून घ्यायला तयार नाहीत. मला गावात राहणारे रानटी जीव आवडतात. एसटी स्टँडमागचं मुंगूस, मोबाइलच्या टॉवरवर काड्या नेणारी घार, बागेतल्या पाइपातून डोकावणारी घोरपड. या दिवाळीत अशा फोटोंचं एक छोटं प्रदर्शन ठरलंय. बाकीचे फोटो तयार आहेत. दारातून आत शिरल्यावर समोर जी भिंत दिसते तिच्यावरचा मोठा फोटो तेवढा राहिला होता, आणि तिथे मला धनेशच हवा होता.

धनेश म्हणजे घारीएवढा राखाडी पक्षी. मोठी बाकदार चोच आणि चोचीवर शिंगासारखा उंचवटा. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते, बस. मग नर उंबरं, पिंपळाची फळं, क्वचित पाल-सरडा आणून त्या फटीतून तिला भरवतो. घरट्याचे फोटो काढू नयेत असा आम्हा लोकांत एक नियम आहे. मला तो ठाऊक आहे. पण मला घरट्याचा फोटो नको होता, भरवणाऱ्या नराचा हवा होता आणि तोही रस्त्यापलीकडच्या एखाद्या गच्चीवरून, लांबच्या लेन्सने. स्वतःची समजूत मी अशी व्यवस्थित घातली होती.

सांगलीला विश्रामबागेत माझी नणंद राहते. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिने फोनवर सांगितलं की कॉलनीच्या बागेत एक 'शिंगवाला कावळा' रोज ठरल्या वेळी येतो आणि झाडाच्या बुंध्याशी काहीतरी बोलतो. मी त्याच संध्याकाळी बॅग भरायला घेतली. सातारा आणि कराडलाही धनेश दिसतो असं ऐकलं होतं, म्हणून जाता जाता तिथेही थांबायचं ठरवलं.

सातारा

साताऱ्यात पहाटे लोक चालायला निघतात. चालणं हा शब्दही कमी पडावा असे ते निघतात. मी 'चार भिंती' या जुन्या स्मारकाच्या टेकडीवर पोहोचले तेव्हा अंधुक होतं आणि माझ्या आधी अर्धं गाव वर जाऊन खाली यायला लागलं होतं. निम्म्या लोकांच्या अंगात कुठल्या ना कुठल्या धावण्याच्या शर्यतीचा टी-शर्ट. खाली गावातले दिवे विझत होते, समोर अजिंक्यतारा उजळत होता आणि एका पिंपरणीच्या झाडावर, माझ्या नशिबाने, धनेशाची जोडी बसली होती.

नाशिकला अशा वेळी फार बरं असतं. तिपाई लावून उभं राहिलं की लोक समजतात रस्त्याची मोजणी चाललीय, आणि आपली जमीन जाईल या भीतीने लांबून निघून जातात. साताऱ्यात तसं नाही. माझ्याभोवती बघता बघता घोळका जमला. काय आहे, कुठे आहे, किती लांबचं दिसतं यातून, लेन्स केवढ्याला पडली, एकट्याच आलात का, चहा झाला का. मी ओठांवर बोट ठेवून खुणावलं. शर्यतीच्या टी-शर्टातले एक काका सगळ्यांत समंजस वाटले. त्यांनी सगळ्यांना गप्प केलं, माझ्या बाजूला येऊन बराच वेळ पिंपरणीकडे बघितलं आणि त्यांना माझी दया आली.

"आवं, त्यो तर नुसताच बसलाय. ह्यात काय मजा? थांबा, उडवून दाखवतो."

नको म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी दोन्ही हातांनी अशी टाळी वाजवली की पिंपरणीवरचे धनेश तर गेलेच, शेजारच्या झाडावरचे पोपट आणि पलीकडच्या खडकावरचा मोरही गेला. काका खूश. कसा उडाला, बघितलंत ना, म्हणून मला विचारत होते.

राग धरावा तर माणूस घरी घेऊन गेला, पोहे खाऊ घातले, कंदी पेढ्यांचा पुडा हातात दिला. दुसऱ्या दिवशी मी जागा बदलली आणि अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला गेले. तिथे वानरांची टोळी होती, एक लांडोर होती आणि उडवून दाखवणारे तिथेही होते. एकाने तर मदत म्हणून खडा उचलला होता. मी त्याचा हातच धरला. त्याला वाटलं तो मलाच मारायचाय, त्याने आदराने खडा माझ्या हातात दिला.

शेवटी मी त्या लोकांचेच फोटो काढले, कारण 'आमचा बी एक काढा की' याला साताऱ्यात उत्तर नाही. फोटो पाठवायचे म्हणून नंबर दिला. तेव्हापासून रोज सकाळी फुलांच्या चित्रांवर लिहिलेले सुविचार येतात. पक्षी उडवणाऱ्या काकांचे सुविचार सहनशीलतेवर असतात.

कराड

कराडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोरून येतात, भेटतात आणि मग एकत्र होऊन एका अंगाला वळतात. संगमाच्या काठाला बाग आहे. संध्याकाळी तिथे कॉलेजची मुलं, भेळेच्या गाड्या, पाण्यात पाय सोडून बसलेली कुटुंबं असतात. उन्हाळ्याने पात्रातले खडक उघडे पडले होते आणि त्यावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. मोठ्या झाडांवरून वटवाघळं सुटायला लागली आणि कोयनेवरून ओळीने निघाली, तेव्हा मी फोटो काढायचंच विसरले. या सबंध प्रवासात मला कुणी काही न बोललेली ती दहा-पंधरा मिनिटं.

मग मी चहाच्या टपरीवर गेले आणि स्वतःच्या तोंडाने विचारलं, "इथे धनेश कुठे दिसतो हो?"

"धनेश व्हय? आत्ता हितंच हुता," टपरीवाला म्हणाला.

मी कॅमेऱ्याची बॅग उघडायला घेतली. मी विचारलं, कुठल्या झाडावर. तो हसला. झाडावर कशाला जाईल, म्हणाला, बसा, बोलावतो. आणि त्याने मोबाइल काढला.

हे लक्षात येऊन मी त्याला थांबवेपर्यंत फोन लागला होता आणि नाशिकच्या एक बाई तुझा फोटो काढायला आल्यात, लवकर ये, एवढं सांगून झालं होतं. चहा निवायच्या आत मोटारसायकलवरून धनेश आला. तिशीचा तरुण, केस ओले करून विंचरलेले, इस्त्रीचा शर्ट. एवढं नीटनेटकं आवरून आलेल्या माणसाला तू नव्हेस, पक्षी हवाय, असं कसं सांगणार? मी संगमाकडे पाठ करून त्याला उभं केलं आणि फोटो काढला. मग सगळं सांगितलं.

तो अजिबात ओशाळला नाही. पत्रिकेत 'ध' आलं म्हणून आईने नाव ठेवलं, असा कुणी पक्षी असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या मोबाइलवर त्याने पक्ष्याचं चित्र मोठं करून बघितलं, मग स्वतःच्या नाकावरून हात फिरवला आणि म्हणाला, "नाक तर जुळतंय." त्या रात्री त्याच्या आग्रहावरून मी त्याच्या घरी कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी आणि ज्वारीची भाकरी जेवले. भाजी अप्रतिम होती. पण मी वांगी खायला आले नव्हते.

विश्रामबाग

अक्का सत्तरीच्या पुढे आहे. पलूसकडच्या ऊसवाल्या घरातली सून, नवरा गेल्यावर मुलाच्या नोकरीमुळे विश्रामबागेत आली आणि मुलगा पुढे बंगळूरला गेला तरी इथेच राहिली. गुडघे माझ्याहून वाईट, आवाज माझ्याहून चांगला. मला ती सुनंदा म्हणते आणि पंगतीला बसलेल्या मुलीला वाढावं तशी मला वाढत राहते.

तिच्या घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे कॉलनीची बाग, बागेत गणपतीचं छोटं देऊळ, उंबर आणि एक जुना शिरीष. शिरीषाच्या बुंध्यावर दोन पुरुष उंचीवर ढोली होती. दुर्बिणीतून बघितलं तर ढोलीचं तोंड लिंपलेलं, मध्ये उभी फट आणि फटीत मधूनच हलणारी चोच. अक्काच्या गच्चीवरून समोर, काहीही आड न येता. सकाळी ऊन थोडाच वेळ ढोलीवर पडायचं, पण पडलं की लिंपणाचा एक एक पापुद्रा दिसायचा. मी नाचायची तेवढी राहिले होते.

पहिल्या सकाळी तिपाई लावली आणि समोर अक्काची नऊवारी लुगडी वाळत पडली. मी दोरी हलवली. मग नर येण्याची वाट बघत बसले, तर खालून हाक आली की पोळ्या निवतायत. येते म्हटलं. पुन्हा हाक. अक्काच्या घरात पाहुणी उपाशी उभी आहे हे रस्त्यावरच्या लोकांनी बघावं, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. मी खाली जाऊन घाईने चार घास खाल्ले. वर आले तर अक्काची शेजारीण रेखा तिच्या गच्चीवरून म्हणाली की तो येऊन गेला की आत्ताच, बराच वेळ बसला होता. असं त्या दिवशी तीनदा झालं. चौथ्या वेळी मी जेवण वरच मागवलं तर अक्का स्वतः जिना चढून ताट घेऊन आली, आणि तिचे गुडघे बघून मला इतकं वाईट वाटलं की पुन्हा खाली जाऊ लागले.

संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर कॉलनी जमते. मी दिवसभर काय बघत होते याची सगळ्यांना उत्सुकता होती. लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार तिथे होते, रेखा होती, अजून पाच-सात जण भडंग खात बसले होते. मी दमलेली, वैतागलेली. थोडक्यात सांगून मोकळं व्हावं म्हणून म्हणाले, की त्या ढोलीत मादीला कोंडलेलं असतं, वरून लिंपून टाकलेलं असतं, ती कित्येक आठवडे आतच असते, फक्त फटीतून चोचीने खायला मिळतं. बास, एवढंच बोलले. कट्टा एकदम शांत झाला. मला वाटलं निसर्गाचं नवल वाटलं सगळ्यांना. मी समाधानाने झोपायला गेले.

सकाळी कॅमेरा लावून खाली बघते तर शिरीषाला शिडी.

शिडीखाली निम्मी कॉलनी उभी होती. सुभेदार पँटच्या पायात सायकलची क्लिप लावून शिडी हलवून बघत होते आणि त्यांच्या हातात छन्नी होती. मी गच्चीवरून ओरडले, कुणाला ऐकू गेलं नाही. तशीच अनवाणी जिना उतरून रस्ता ओलांडून गेले. काय चाललंय, म्हणून विचारलं.

"सोडवतोय तिला," सुभेदार म्हणाले. "घाबरू नका मॅडम. दगडाखालनं माणसं काढल्यात आमी. ही तर मातीच हाय, दोन ठोक्याचं काम."

मी सांगितलं की तिला कुणी कोंडलेलं नाही, ती स्वतःच कोंडून घेते. माझं हे वाक्य संपायच्या आत रेखा पुढे आली. एरवी ही बाई कुजबुजत बोलते.

"सोताहून कोण कोंडून घेतंय वो? आमच्या मागच्या गल्लीतल्या सुनंला बी घरचे असंच म्हणायचे, तिलाच भाईर यायला आवडत न्हाई म्हणून."

बायकांनी माना डोलावल्या. त्या सुनेची गोष्ट सगळ्यांना माहीत असावी. मी विज्ञान सांगायला सुरुवात केली. लिंपण फुटलं तर आत साप जाईल, मांजर जाईल, कावळे टपलेलेच असतात. तिला उडताही येणार नाही, कारण ढोलीत असताना तिचे पंख झडतात. इतकी वर्षं वर्गापुढे उभी राहिलेली बाई मी, पण त्या सकाळी माझं प्रत्येक वाक्य माझ्याच अंगावर येत होतं. पंखांचं ऐकल्यावर मागून एक म्हातारी हळहळली, की मेल्याने पंखही काढून घेतले का तिचे. सुभेदारांनी निर्धाराने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

तेवढ्यात नर आला. चोचीत उंबर होतं. खाली गर्दी बघून तो शिरीषावर बसलाच नाही, विजेच्या तारेवर जाऊन बसला, तिथून उठला, बागेवरून एक फेरी मारली, पुन्हा तारेवर. ढोलीच्या फटीतून चोच बाहेर येऊन थांबली होती. मला रडू यायला लागलं. त्या घटकेला मला फोटो नको होता. ही सगळी चांगली माणसं, आणि केवळ चांगुलपणापायी ती पक्षीण त्यांच्या हातून मरणार होती, आणि ते मी माझ्याच तोंडाने घडवून आणलं होतं. मी शिडी धरून हलवायला लागले. सुभेदार वरून शांतपणे म्हणाले, "मॅडम, शिडी सोडा, पडंन मी."

अक्का दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून आली होती, हे तिने येता येताच सगळ्यांना सांगितलं. गर्दीतून वाट काढत ती शिडीपाशी आली, वर बघितलं आणि मला विचारलं, "आत आंडी हायत?"

"अंडी नाहीतर पिल्लं. बहुतेक पिल्लंच."

"आन ह्यो भाईरून तिला खायला आणतोय?"

"हो."

"मग ती बाळंतीण हाय म्हण की," अक्का म्हणाली. "कोंडली, कोंडली काय लावलंयस?"

एवढंच. सुभेदार शिडीवरून खाली उतरले. छन्नी खिशात घातली आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मीच त्यांना वर चढवलं होतं. हे आधी सांगायचं नाही का, म्हणाले. रेखाने पदर डोळ्यांना लावला. दार लावून घेतलेली, वारा लागू नये म्हणून फटी बुजवलेली, आयतं ताट आत मिळणारी बाई या गर्दीतल्या प्रत्येकीने बघितली होती, आणि बहुतेक जणी त्या खोलीत स्वतः राहून आल्या होत्या. साप, कावळे, झडलेले पंख यांची आता कुणाला गरज नव्हती. अक्का दूध उतू जाईल म्हणून परत गेली.

त्या दिवसापासून कॉलनीने बाळंतपण अंगावर घेतलं. सुभेदारांनी शिडी आडवी बांधून झाडाकडे जायची पायवाट बंद केली आणि ते कोपऱ्यावर उभं राहून हॉर्न वाजवणाऱ्यांना दरडावायला लागले. त्या दरडावण्याचा आवाज हॉर्नपेक्षा मोठा होता. देवळातली आरती कॅसेटवर न लावता तोंडाने, तीही हळू म्हणायची ठरली. क्रिकेट पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर गेलं. दुपारी दोघीजणी ओवा आणि शेपा घालून शेगडी पेटवून घेऊन आल्या, बाळंतिणीला धुरी द्यायला. मी अक्षरशः हात जोडले. धुराने ती गुदमरेल हे पटवायला पुन्हा अक्कालाच बोलवावं लागलं. डिंकाचा लाडू मात्र कुणीतरी बुंध्याशी ठेवलाच, तो मुंगळ्यांनी नेला.

मी गच्चीवर बसून हे सगळं बघत होते आणि मला बरं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू. नर पुन्हा नेमाने यायला लागला होता. आता उद्या सकाळी ऊन पडलं की झालं, असं मनाशी म्हणत मी लेन्स पुसून ठेवली.

विश्रामबाग, निघायची सकाळ

दुपारची गाडी होती. सकाळी आभाळ स्वच्छ, वारा नाही, दोरीवर लुगडी नाहीत. मी पोळी आधीच खाऊन घेतली होती. ऊन ढोलीवर आलं. उंबरावर हालचाल झाली आणि नर सरळ शिरीषावर, फटीसमोर येऊन बसला. गळा फुगलेला, म्हणजे आत भरपूर फळं. तो आता एकेक फळ वर काढून चोचीच्या टोकावर घेणार आणि आत देणार. मी श्वास रोखून बटणावर बोट ठेवलं आणि लेन्ससमोर हिरवं काहीतरी आलं.

अक्काचा पदर होता. ती कधी जिना चढून आली मला कळलंही नव्हतं. एका हाताने कठडा धरून दुसऱ्या हाताने तिने पदर लेन्सवर धरला होता.

"अक्का, बाजूला व्हा."

"बाळंतिणीचा फोटू काढायचा नसतोय."

मी सांगितलं की मला तिचा नकोच आहे, नराचा हवाय. ती म्हणाली, तो तिचं ताट घेऊन आलाय, आणि बाळंतिणीच्या ताटाकडे कुणी बघत नसतं. ते झाकून न्यायचं असतं. मी खाली बघितलं. रेखा आणि दोघी-तिघी बागेच्या कठड्याशी होत्या आणि सगळ्या झाडाकडे पाठ करून उभ्या होत्या. सुभेदारही कोपऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून उभे. सबंध कॉलनीत त्या पक्ष्याकडे बघणारी मी एकटी होते.

माझा पारा चढला. मी अक्काला म्हणाले, की मी या एका फोटोसाठी उन्हातान्हात इतकी फिरले, माझी भिंत रिकामी राहील, आणि तुम्ही तुमची ती दृष्ट घेऊन बसलाय. पक्ष्याला दृष्ट लागत नाही. माणसालाही लागत नाही. पलीकडे शिरीषावर उंबरं एकामागून एक आत जात होती, पदराच्या कडेवरून मला नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

"तुझा तरी कुठं काढू दिला हुता?" अक्का म्हणाली. "रश्मीच्या वेळंला."

रश्मी माझी मुलगी. माझी आई आधीच गेलेली, म्हणून माझं बाळंतपण अक्काने पलूसच्या घरी केलं होतं. आमचे हे नाशिकहून मित्राचा कॅमेरा मागून घेऊन आले होते आणि अक्काने त्यांना खोलीच्या दारातूनच परतवून लावलं. त्यामुळे माझ्या मुलीचा पहिल्या दिवसांतला एकही फोटो नाही. ही गोष्ट मी आजवर किती लोकांना सांगितलीय. लोक हसतात, मीही हसते. मी अक्काला म्हणाले, हो ना, तेव्हाही तुमची दृष्टच.

"दिष्ट कसली गं," अक्का म्हणाली. पदर हलला नाही. "तू दिवसभर रडायचीस. लेकरू मांडीवर आन तू रडायचीस, आन कुणाला सांगू नका म्हणायचीस मला. मी कुणाला सांगितलं न्हाई. रडत्या बाईचा फोटू जनमभर कशाला ऱ्हावा घरात?"

मला ते रडणं आठवत होतं. का रडत होते ते तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही सांगता येणार नाही. आमच्या ह्यांना मी कधी बोलले नाही, रश्मीला तर नाहीच. दुसऱ्या कुणाला ते आठवत असेल, असं मला कधी वाटलंही नव्हतं.

मी लेन्सला झाकण लावलं. अक्काने पदर खांद्यावर घेतला. नर एकदा उडून गेला आणि थोड्या वेळाने पुन्हा उंबर घेऊन आला. त्याचे पंख ऐकू आले, बसलेला कळला. आम्ही दोघी तोवर झाडाकडे पाठ करून उभ्या होतो.